लाल औषध आणि चरबीची पिशवी

घरात कुणी केमोथेरपी घेतली असेल, तर सलाइनच्या नळीतून जाणारं लालभडक औषध कदाचित तुम्ही पाहिलं असेल. डॉक्सोरुबिसिन. इटलीतल्या एका किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूच्या वाणापासून ते मिळालं. कॅन्सरवर जालीम, पण एकूण डोस वाढत गेला की हृदयाचे स्नायू निकामी करणारं. गाठ अजून शिल्लक आहे आणि तरी औषध थांबवायचं, अशी डॉक्टरांची कोंडी व्हायची.

वाट सापडली ती भलतीकडेच. १९६०च्या दशकात केंब्रिजजवळ बाब्राहमला अ‍ॅलेक बँगहॅम लेसिथिन पाण्यात मिसळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्यांना दिसल्या चरबीच्या पापुद्र्यांच्या बंद पिशव्या. यांनाच पुढे लायपोसोम म्हणू लागले. त्यांना कुतूहल होतं पेशीच्या आवरणाचं, औषधाचं नव्हे. या पिशवीत औषध भरून पाठवावं, ही कल्पना ग्रेगोरी ग्रेगोरियाडिस यांनी १९७०च्या दशकात लावून धरली.

जेरुसलेममध्ये येहेझकेल बारेनहोल्झ आणि अल्बेर्टो गाबिझोन यांनी डॉक्सोरुबिसिन असं भरलं, आणि पहिला प्रयत्न फसला. यकृतातल्या सफाई करणाऱ्या पेशींनी पिशव्या गिळून टाकल्या, उरलेल्या रक्तातच गळल्या. मला या गोष्टीत हे अपयशच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण नेमकं काय दुरुस्त करायचं ते त्यातून कळलं. पिशवीला पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं अस्तर चढवलं, म्हणजे सफाईवाल्या पेशींना ती चटकन ओळखू येईना. आत अमोनियम सल्फेट ठेवलं. औषध आत शिरलं की स्फटिक होऊन अडकायचं. आकार शंभर नॅनोमीटरच्या आसपास, केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, हे जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली दाखवलं होतंच.

१९९५ साली अमेरिकेत डॉक्सिलला मान्यता मिळाली, एड्सच्या रुग्णांना होणाऱ्या कापोसी सार्कोमासाठी.

‘अचूक नेम’ वगैरे जाहिरातीची भाषा मात्र जपून घ्यावी. २०१६ साली टोरंटोच्या संशोधकांनी दहा वर्षांचे प्रयोग, बहुतेक उंदरांवरचे, एकत्र तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. डॉक्सिलची खरी कमाई हृदय वाचवण्यात आहे. बदल्यात तळहात-तळपायांची कातडी सोलवटते.

२०११मध्ये डॉक्सिलचं उत्पादन अडलं आणि अमेरिकेत रुग्ण ताटकळले. फेब्रुवारी २०१२मध्ये तिथल्या सरकारने तात्पुरती आयात करायला परवानगी दिली, ती मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माच्या लिपोडॉक्सची.