पंगतीतली जागा

आमचे आबा माण तालुक्यातून साताऱ्याला शिकायला निघाले ते १९५१ साली. घोंगडीची वळकटी आणि फडक्यात बांधलेल्या चार भाकरी, एवढंच सामान. छत्रपती शिवाजी कॉलेज तेव्हा अवघं चार वर्षांचं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते १९४७ साली गोरगरिबांच्या मुलांसाठी काढलं होतं. घरून पैसे येण्यासारखे नसतील, त्यानं कष्ट करावेत आणि शिकावं, अशी तिथली रीत.

"तुमचं स्वागत कसं झालं हो?" असं मी विचारायचो. आबा म्हणायचे, "हार न्हाई, तुरा न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी एका पोरानं हातात टिकाव दिला. म्हणला, चल, माझ्यासंगं."

तो शेवटच्या वर्षाला होता. पण नव्या पोराला कामाला लावून तो सावलीत बसला नाही. घमेलं घेऊन दिवसभर शेजारी राबला. आबांच्या तळहाताला फोड आले तेव्हा चिंधीही त्यानंच बांधली.

रात्री पंगत बसली. आबांच्या उजव्या हाताला गावकुसाबाहेरचा मुलगा होता. घरी कळलं तर आई काय म्हणेल, या धास्तीनं पहिला घास तोंडात फिरत राहिला, हे आबांनी कधी लपवलं नाही. मग त्या मुलानं आपल्या ताटातली हिरवी मिरची मोडून अर्धी आबांच्या ताटात ठेवली. आबांनी ती खाल्ली.

ही पंगत कॉलेजाहून जुनी. अण्णांनी, म्हणजे कर्मवीरांनी, १९२४ सालीच साताऱ्यात नाना जातींची मुलं एका छपराखाली आणली होती. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला राजर्षी शाहूंचं नाव मिळालं. पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट सांगताना आबांचा हात आपसूक डोक्यावरच्या टोपीकडे जायचा.

मी १९९६ साली शहरातल्या एका वसतिगृहात गेलो. पहिल्या रात्री सिनियरांनी आम्हा बारा जणांना गच्चीवर रांगेत उभं केलं. नावं उलटी म्हणायला लावली, आमच्या माणदेशी बोलीच्या नकला केल्या. याला ते 'ओळख' म्हणत. माझ्या खोलीतला मुलगा आठवड्याच्या आत गावी गेला तो परत आलाच नाही. त्याच्या शेजारी मी जाऊन बसलो नाही, ही बोच अजून आहे.

तीन वर्षांनी, १९९९ साली, राज्यानं रॅगिंगविरोधी कायदा केला. फार गरजेचा होता. पण गच्चीवरची रांग कायद्यानं मोडली, तरी पंगतीत सरकून जागा करून द्यायला माणूसच लागतो.

यंदा ज्यांच्या हाती स्वागत समारंभ आहे त्या मुलामुलींनो, फुगे, गाणी, गुलाब खुशाल असू द्या. तेवढं झालं की मेसमध्ये एकटं जेवणारं पोर शोधा आणि आपलं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसा.