शेकडेवारी आणि आयुष्य : मोटार अपघातातील नुकसानभरपाईचा न्यायविचार

‘भरपाई’ या शब्दात, जे उणे झाले ते भरून निघेल अशी अपेक्षा गृहीत आहे. अपघातात गमावलेल्या अवयवाबाबत ती पुरी होणे अशक्य. तरीही न्यायालयाला रक्कम ठरवावीच लागते. ती ठरवताना जखमी माणसाचे शरीर मोजावयाचे की त्याचे आयुष्य समजून घ्यावयाचे, हा प्रश्न भारतीय न्यायविचारात कसा आकाराला आला, याचा मागोवा येथे घेतला आहे.

मोजणीची परंपरा जुनी आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला इजांचे कोष्टक जोडलेले होते. मोटार अपघातांसाठी मात्र निराळी वाट निघाली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली झालेल्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली आणि ‘न्याय्य वाटेल’ ती रक्कम देण्याचा अधिकार त्यांना मिळाला. १९८८ च्या कायद्याच्या कलम १६८ मध्येही हीच कसोटी कायम राहिली.

या मोघम कसोटीला आशय दिला तो निकालपत्रांनी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक आणि आर्थिकेतर हानी असे दोन भाग स्पष्ट केले. औषधोपचार व बुडालेली मिळकत पहिल्यात; वेदना, मनस्ताप आणि जगण्यातील सुखांना मुकणे दुसऱ्यात. अशा निर्णयात काही अंदाज आणि काही सहानुभूती अपरिहार्य असते, हेही तेथे मान्य केले गेले.

२०१० च्या निकालाने डॉक्टरांच्या दाखल्यातील शेकडेवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट यांची सरमिसळ अमान्य केली. डावा हात गेलेल्या सुताराची कमाई जवळजवळ संपुष्टात येते; सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. इजा एकच, हानी भिन्न. म्हणून जखमी व्यक्तीचा पूर्वीचा व्यवसाय, तिचे वय आणि आता तिला करता येण्याजोगी कामे पाहणे आवश्यक ठरले.

यातील शेवटच्या मुद्द्यातच हानी आटोक्यात ठेवण्याच्या कर्तव्याचे तत्त्व दडलेले आहे. वाजवी प्रयत्नाने टाळता आले असते असे नुकसान दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही, असे हे तत्त्व सांगते. त्याचा आधार ‘वाजवी’ या विशेषणात आहे. ते विसरले की काय घडते, हे २०१२ च्या एका प्रकरणात दिसते. पाय गमावलेला, पंचावन्न वर्षांचा एक गाडी ओढणारा श्रमिक बसून दुसरे काम, उदाहरणार्थ भाजीविक्री, करू शकेल, असे गृहीत धरून त्याची हानी कमी आकारली गेली होती. असे अनिश्चित तर्क हिशेबात घेता येत नाहीत, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने कमाईच्या क्षमतेतील घट नव्वद टक्के मानली.

येथे दोन कथनांचा संघर्ष आहे. एक, श्रमिकाने प्रत्यक्ष जगलेल्या आयुष्याचे. दुसरे, त्याच्यासाठी इतरांनी रचलेल्या संभाव्य आयुष्याचे. दुसरे रचताना भांडवल, बाजारातील जागा आणि ओळखीपाळखी कोठून येणार, हे सांगण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. कथनमीमांसेच्या अभ्यासकाला निकालपत्रे महत्त्वाची वाटावीत ती याचसाठी : कोणाचे कथन विश्वासार्ह मानले गेले, यावर तेथे एखाद्या घराची चूल अवलंबून असते.