बंदिस्त बॅटरी : तपासणी आणि देखभाल

वीज गेली की यूपीएस, फायर अलार्मचे पॅनेल आणि लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी एआरडी यंत्रणा ज्यावर चालते, ती बहुधा बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. तांत्रिक कागदपत्रांत तिला व्हीआरएलए, म्हणजे झडपेने नियंत्रित बॅटरी म्हणतात. बाजारात मात्र सगळे एसएमएफच म्हणतात. या तीन अक्षरांतली शेवटची दोन ‘देखभाल नको’ असे सांगतात, आणि प्रस्तुत नोंदीचा आक्षेप त्या दोन अक्षरांवरच आहे. पाणी घालावे लागत नाही, एवढाच त्यांचा खरा अर्थ.

फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी 1859 साली बनवलेल्या घटापासून आजच्या घरगुती इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीपर्यंत उघड्या प्रकारात शिशाच्या पट्ट्या पातळ आम्लात बुडालेल्या असतात. चार्जिंगमध्ये पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात, म्हणून अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर भरावे लागते. बंदिस्त प्रकारात आम्ल जेलमध्ये धरलेले किंवा काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते. धन पट्टीवर निघालेला ऑक्सिजन गादीतल्या रिकाम्या छिद्रांतून ऋण पट्टीपर्यंत पोचतो आणि त्याचे पुन्हा पाणी होते. चांगल्या बॅटरीत ही परतफेड 95 टक्क्यांहून अधिक असते, पण पूर्ण कधीच नसते. उरलेला वायू झडपेतून निसटतो आणि तेवढे पाणी कायमचे जाते. उघड्या बॅटरीत पातळी डोळ्यांना दिसते, आम्लाची घनता हायड्रोमीटरने कळते. बंदिस्त बॅटरीत दोन्ही वाटा बंद. कष्ट कमी झाले हे खरे, पण आत काय चालले आहे ते कळण्याची सोयही त्याबरोबर गेली. म्हणून इथे तपासणी कमी नव्हे, जास्त लागते, आणि ती मोजमापाने करावी लागते.

सर्रास होणारी तपासणी म्हणजे चार्जर चालू असताना संचाच्या दोन टोकांना मीटर लावणे. त्यातून कळते ती मुख्यतः चार्जरची प्रकृती. एआरडीसाठी 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या आहेत आणि मीटर 54.4 व्होल्ट दाखवतो आहे असे समजू. प्रत्येकी 13.6, अगदी हवे तेवढे फ्लोट व्होल्टेज. आता एका बॅटरीतला एक घट आतून शॉर्ट झाला, तर ती बॅटरी 11.8 वर येते, उरलेल्या तिन्ही 14.2 वर चढतात आणि बेरीज पुन्हा 54.4! नोंदवहीत ‘ठीक’ असा शेरा पडतो. इकडे तीन चांगल्या बॅटऱ्या दिवसरात्र जादा चार्ज होत, तापत, पाणी गमावत राहतात. प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज वेगळे मोजले असते, तर दोन मिनिटांत दोष सापडला असता.

उष्णतेचा हिशेब याहून महाग पडतो. या बॅटऱ्यांचे आयुष्य साधारण 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमान धरून सांगितलेले असते. त्यावर दर आठ-दहा अंशांनी ते ढोबळमानाने निम्मे होते. विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीवरच्या मशीन रूममध्ये बसवलेल्या संचाला कॅटलॉगमधली पाच वर्षे लागू करणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे. तापमान वाढले की फ्लोट व्होल्टेज उतरवायचे असते, दर घटामागे दर अंशाला सुमारे 3 मिलिव्होल्ट. म्हणजे 25 अंशांना 13.6 व्होल्ट योग्य असेल, तर 40 अंशांना 13.3 पुरतात. चार्जरला ही सोय नसेल, तर खोलीत हवा खेळती ठेवणे ही देखभालच आहे. बॅटरी हवाबंद पेटीत कोंडणे तर धोक्याचे, कारण झडपेतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले की तो पेट घेऊ शकतो.

धारणाशक्ती खात्रीने कळते ती भार टाकूनच. 7 अँपिअर-अवर हा आकडा बहुधा वीस तासांच्या मंद वापराचा, म्हणजे 0.35 अँपिअरचा असतो. तासाभरात रिकामी केली तर तीच बॅटरी पुष्कळ कमी देते. म्हणून चाचणी प्रत्यक्ष भाराच्या जवळपास घ्यावी आणि 80 टक्क्यांखाली उतरलेला संच बदलावा. आयट्रिपलई 1188 ही शिफारसही हीच मर्यादा धरते. यावर आक्षेप असा, की पूर्ण डिस्चार्जने बॅटरी झिजते आणि चाचणी चालू असताना वीज गेली तर काय? झीज होते, पण वर्षाकाठी एका चाचणीची झीज नगण्य आहे; दुसऱ्या भीतीवर पर्यायी संच जोडणे किंवा चाचणी अर्ध्यावर थांबवणे हा उपाय आहे. अंतर्गत रोध मोजणारे मीटर पुरेसे आहे, असेही म्हटले जाते. ते उपयोगी खरेच, मात्र एकटा आकडा फारसे बोलत नाही. नव्या बॅटरीचा रोध बसवतानाच लिहून ठेवला असेल, तरच पुढची वाढ अर्थपूर्ण ठरते. यूपीएसची काही सेकंदांची स्वयंचाचणी पार कोलमडलेली बॅटरी पकडते, अर्ध्यावर आलेली नाही. सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा: छोटी बॅटरी स्वस्त, तंत्रज्ञाची फेरी महाग, मग तीन वर्षांनी डोळे मिटून बदलावी. एका संगणकाच्या यूपीएससाठी हे मान्य करायला हरकत नाही. पण लिफ्ट किंवा फायर अलार्ममध्ये, जिथे एक कमजोर बॅटरी अख्खा संच निकामी करते, तिथे कॅलेंडर पुरत नाही. उकाड्यातला संच दुसऱ्याच वर्षी गळतो.

डोळ्यांनी पाहण्यासारखेही काही उरतेच. फुगलेली कूस, टर्मिनलभोवतीची पांढरी-हिरवी भुकटी, शेजारणींपेक्षा हाताला गरम लागणारी बॅटरी, सैल नट. पुसायला कोरडे किंवा किंचित ओले फडके घ्यावे. थिनर किंवा पेट्रोलने प्लास्टिकला तडे जातात. मुख्य स्विच बंद केला तरी टर्मिनल जिवंतच असतात, म्हणून अंगठी-घड्याळ काढून, इन्सुलेट केलेल्या पान्यानेच काम करावे. जुन्या संचात एकच नवी बॅटरी घालणे टाळावे. रोध जुळत नाहीत आणि चार्ज सारखा वाटला जात नाही. गोदामात पडून राहिलेली बॅटरीही महिन्याला सुमारे 3 टक्के उतरते, तेव्हा सहा महिन्यांनी एकदा तिला चार्ज द्यावा लागतो. उतरवलेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याकडे न देता विक्रेत्याकडे परत द्याव्यात; 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.