पोकरमधली हूल : एका हिशेबाची कुळकथा

पोकर अमेरिकेत जन्माला आला तेव्हा त्याच्या कॅटात वीसच पाने होती : चार एक्के, चार राजे, चार राण्या, चार गुलाम आणि चार दश्श्या. चार जणांनी बसायचे, प्रत्येकाला पाच पाने वाटायची, की कॅट संपला. पान बदलून घ्यायची सोय नव्हती. पैसे लावायचे, वाढवायचे, नाहीतर पाने खाली टाकायची. जोसेफ कॉवेल नावाच्या इंग्रज नटाने १८२९ मध्ये मिसिसिपीवरच्या आगबोटीत हा खेळ पाहिला आणि १८४४ साली छापलेल्या आठवणींत त्याची नोंद करून ठेवली. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच वस्तीतला ‘पोक’, जर्मनांचा ‘पोखेन’ आणि इंग्रजांचा ‘ब्रॅग’ हे त्याचे जवळचे नातलग. इराणच्या ‘आस-नास’शीही नाते जोडले जाते, पण त्या खेळाची हाती असलेली वर्णने पोकर रुळल्यानंतरची आहेत, तेव्हा त्या सोयरिकीवर फार भिस्त ठेवू नये. खेळाच्या वंशावळीपेक्षा तो नीट खेळण्याच्या शहाणपणाची वंशावळ अधिक रंजक आहे आणि तिच्याबद्दल गैरसमजही जास्त आहे. समोरच्याचा चेहरा वाचता आला आणि आपला दगडासारखा ठेवता आला की पोकर जमला, असे सिनेमाने आपल्याला शिकवले. प्रत्यक्षात मुरलेला खेळाडू नवख्याला ज्या चार गोष्टी सांगतो त्या अशा : थोडेच हात खेळ, शक्यतो शेवटी बोल, पॉट (मध्ये जमलेले पैसे) पाहून पैसे टाक आणि हूल दे, पण मोजून दे. यातली एकही चेहऱ्यांच्या निरीक्षणातून निघालेली नाही. पानांची संख्या आणि बोलीची रचना बदलत गेली, तसा हा हिशेब पुढे आला. पोकरमधली हूल ही धाडसाची नव्हे, अंकगणिताची लेक आहे.

वीस पानांच्या खेळात पाचही पाने वेगवेगळी येण्याची शक्यता शंभरात सातसुद्धा नाही. म्हणजे जवळजवळ प्रत्येकाच्या हातात निदान एक जोडी असायचीच, आणि म्हणूनच जोडीला फारशी किंमत नव्हती. शिवाय त्या खेळात अजिंक्य हात होते. चार एक्के तर होतेच, पण चार राजे आणि सोबत एक एक्का हाही हात हरणे अशक्य, कारण एक एक्का आपल्याकडे असल्यावर समोर चार एक्के जमणार कसे? पुढे खेळात बावन्न पाने आली. एकाच रंगाच्या पाच पानांचा फ्लश आला, मागोमाग ओळीने येणाऱ्या पानांचा स्ट्रेट आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नको असलेली पाने टाकून नवी घ्यायची मुभा मिळाली. जास्त माणसांना खेळता यावे, म्हणजे जास्त पैसा टेबलावर यावा, हा यामागचा साधा व्यवहार. पण त्याचा परिणाम कोणी योजला नव्हता इतका खोल झाला. बावन्न पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० हात बनतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक हातांत साधी जोडीही नसते. ‘माझ्याकडे काही नाही, पण बहुधा त्याच्याकडेही नसेल’ असे म्हणायची सोय या बदलाने झाली. हातातले पान हरलेले असतानाही पैसे लावण्यात अर्थ असू शकतो, ही शक्यता या निम्म्या रिकाम्या हातांत दडलेली होती.

पान बदलण्याच्या मुभेने दुसरी गोष्ट केली : खेळाला भाव आला. हातात चार बदाम आहेत, पाचवा हवा आहे. न पाहिलेली पाने ४७, त्यांत बदाम ९. म्हणजे पाच वेळा प्रयत्न केला तर साधारण एकदा जमेल. आता पॉटमध्ये शंभर रुपये असतील आणि खेळात राहायला वीस लागत असतील, तर वीस टाकून शंभर मिळवायचा सौदा फायद्याचा. चाळीस लागत असतील, तर निव्वळ या हिशेबाने पाने टाकलेली बरी (पान लागल्यावर समोरचा आणखी किती देईल तेही धरावे लागते, पण नवखे लोक नेमके तेच वाजवीपेक्षा जास्त धरतात). सत्ती, अठ्ठी, दश्शी, गुलाम हाती धरून मधल्या नव्वीची वाट पाहणाऱ्याला तर ४७ पैकी चारच पाने उपयोगाची, म्हणजे जवळपास बारांत एक संधी. अशा मधल्या पानाची आशा धरू नये, हा पोकरमधला सर्वांत जुना उपदेश. आजोबांनी नातवाला सांगावा तसा तो सांगितला जातो, पण मुळात तो भागाकार आहे. कोणी किती पाने बदलली हेही सगळ्यांना दिसू लागले. तीन घेतली तर हातात जोडी असणार, एकच घेतले तर दोन जोड्या किंवा अर्धवट फ्लश, आणि एकही घेतले नाही तर एकतर हात तयार आहे किंवा तो तसा भासवतो आहे. जो शेवटी बोलतो त्याला ही सगळी माहिती फुकट मिळते. बसण्याच्या जागेला मोल आले ते इथून.

यावर आपल्याकडचा तीन पत्तीवाला म्हणेल की हूल काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. खरे आहे. ब्रॅगमध्ये हूल होती, आणि आपली तीन पत्ती त्याच इंग्रजी ब्रॅगची पोर मानली जाते. ब्लाइंड खेळून पाने पाहणाऱ्याला दुप्पट चाल द्यायला लावणे, हातात काही नसताना दोनदा चाल वाढवून बाकीच्यांना पॅक करायला लावणे, हे गणपतीतल्या जागरणात बसणाऱ्यालाही कोणी शिकवावे लागत नाही. तीन पानांच्या हातांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश हातांत जोडी किंवा त्याहून वरचे काहीच नसते, त्यामुळे तिथे हुलीला जागा भरपूर. पण तीन पत्तीत पान बदलत नाही, उघडे पान पडत नाही, पहिल्या चालीपासून शोपर्यंत हात तोच राहतो. बोलतो तो फक्त पैसा. अशा खेळात हूल कोणाच्या छातीत किती दम आहे यावर उभी राहते. किती वेळा द्यावी हा प्रश्न तिथेही विचारता येतो, पण उत्तर शोधायला लावणारी माहिती खेळ पुरवत नाही. पोकरने ती पुरवली, आणि गणिती त्याच्याकडे वळले.

फ्रान्समध्ये एमिल बोरेलने १९२० च्या दशकात अशा खेळांवर लिहायला सुरुवात केली आणि १९३८ मध्ये पोकरचा एक साधा नमुना मांडला. हंगेरीत जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमनचा अशा खेळांविषयीचा मूळ सिद्धान्त १९२८ चा. ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर त्याने १९४४ मध्ये जो ग्रंथ लिहिला त्यात पोकरला स्वतंत्र विभाग आहे. त्यात दोघांनी हुलीची दोन कारणे सांगितली. कमजोर हात असताना बळाचा आभास करणे हे पहिले, ते कोणालाही ठाऊक. दुसरे असे की हात खरोखर बळकट असताना समोरच्याला ‘हा हूल देत असेल’ असे वाटले पाहिजे, नाहीतर तो पैसे देणारच नाही. हूल पकडली जाणे हे या दृष्टीने अपयश नव्हे. तो एक खर्च आहे, आणि तो चांगल्या हाताच्या कमाईतून वसूल होतो. त्याच विभागातला दुसरा निष्कर्ष आजही नवख्यांना उलटा वाटतो : पैसे सर्वांत चांगल्या हातांवर लावावेत आणि सर्वांत वाईट हातांवर. मधले हात गपचूप शेवटपर्यंत न्यावेत. मधला हात उघड करूनही जिंकण्याची थोडीफार आशा असते, ती हुलीत कशाला उधळायची? ज्याची काहीच किंमत नाही त्याचीच हूल करावी.

हे किती काटेकोर आहे ते हॅरोल्ड कून या गणितज्ञाने १९५० मध्ये केलेल्या एका छोट्याशा खेळात दिसते. पाने तीनच : राजा, राणी, गुलाम. खेळाडू दोन. दोघांनी एकेक रुपया मध्ये ठेवायचा, एकेक पान घ्यायचे, आणि पुढे फक्त एक रुपयाची एकच पैज. समजा पहिला काही न लावता चेक म्हणाला आणि त्याच्याकडे राणी आहे. दुसऱ्याकडे राजा असेल तर तो रुपया लावणारच. पण गुलाम असेल तर? गुलामावर तो कधीच लावत नसेल, तर राणीवाला प्रत्येक वेळी पॅक करील आणि राजाला वरचा रुपया कधीच मिळणार नाही. गुलामावर दर वेळी लावत असेल, तर निम्म्या पैजा खोट्या, आणि एक रुपया देऊन तीन मिळवायची संधी राणीवाला सोडणार नाही. बरोबर उत्तर आहे तीनांत एकदा. मग दर चार पैजांमागे तीन राजाच्या, एक गुलामाची. राणीवाल्याने चारही वेळा पैसे दिले तर तीनदा एकेक रुपया जातो, एकदा तीन रुपये येतात. पॅक करा की पैसे द्या, फरक शून्य. राणीवाल्याला फसवायचे नसते, त्याचा निर्णयच निरर्थक करून टाकायचा असतो. हाच हिशेब कोणत्याही टेबलावर लागू पडतो : पॉट शंभरचा आणि पैज पन्नासची असेल तर चार पैजांत एक खोटी चालते, पैज शंभरची असेल तर तीनांत एक. कूनच्या खेळात दोघेही बिनचूक खेळले तरी पहिला बोलणारा दर डावाला सरासरी एका रुपयाचा अठरावा भाग हरतो. शेवटी बोलण्याची किंमत एवढ्याशा खेळातही मोजता येते.

खऱ्या टेबलावर हे कुठे चालते, हा आक्षेप जुगाऱ्यांचा लाडका. आणि त्यांच्या बाजूने साक्षीदारही मोठे आहेत. १९७६ आणि १९७७ अशी दोन्ही वर्षे लास व्हेगासची पोकरची विश्व मालिका जिंकणारा डॉयल ब्रन्सन दोन्ही वेळा शेवटच्या डावात दश्शी-दुर्री घेऊन बसला होता, ज्या हाताकडे कोणताही तक्ता ढुंकून पाहणार नाही. माइक कारोने तर खेळाडूंच्या हावभावांवर अख्खे पुस्तक लिहिले. हावभाव खोटे नाहीत, पण ते वरचे उत्पन्न आहे, मूळ पगार नव्हे. पुरावा २०१७ चा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक-कार्यक्रमाने पिट्सबर्गच्या कॅसिनोत चार कसलेल्या व्यावसायिकांशी एकास एक १,२०,००० डाव खेळले आणि चौघांनाही स्पष्ट हरवले. त्याला चेहरा दिसत नव्हता, आवाज ऐकू येत नव्हता, माणसांचे जुने डावही शिकवलेले नव्हते. स्वतःशी खेळत तो शिकला आणि तरी भरपूर हूल देत होता. त्याआधी जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने टेक्सास होल्डेमचा दोघांचा, ठरलेल्या रकमेच्या पैजांचा प्रकार जवळपास पूर्ण सोडवल्याचे जाहीर केले होते. होल्डेममध्ये स्वतःची दोन पाने आणि सगळ्यांची सामाईक पाच. पहिल्या दोन पानांच्याच १,३२६ जोड्या होतात. ४,८०० प्रोसेसर ६८ दिवस चालवून जे उत्तर आले त्यात शेवटी बोलणाऱ्या डीलरचा फायदा दर डावाला मोठ्या ब्लाइंडच्या (म्हणजे डावाआधी सक्तीने लावायच्या मोठ्या रकमेच्या) सुमारे नऊ टक्के निघाला. कूनच्या तीन पानांनी जे सांगितले तेच या यंत्राने सांगितले, फक्त खऱ्या खेळाचा आकडा दिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोघांच्या खेळात जागा आळीपाळीने बदलत असतील तर हे समतोलाचे खेळणे तुम्हाला हरू देत नाही, पण ते सर्वांत जास्त कमाईचे नव्हे. समोरचा कधीच पॅक करत नसेल तर तिथे तीनांत एक हूल देणे हा मूर्खपणा आहे, तिथे एकही देऊ नये. घाबरट असेल तर उलट दुप्पट द्यावी. डेव्हिड स्कलान्स्कीने १९८७ च्या आपल्या पुस्तकात याच अंगाने विचार केला : समोरच्याची पाने दिसली असती तर आपण जसे खेळलो असतो त्यापासून जितके दूर जाऊ तितका तोटा. आक्षेप मान्य, पण त्याने मूळ मुद्दा ढळत नाही. समोरचा ‘जास्त’ हूल देतो असे म्हणायला आधी ‘योग्य’ किती ते ठाऊक हवे. प्रमाण माहीत नसलेला माणूस दुसऱ्याची चूक मोजणार कशाने?

उरतो नशिबाचा प्रश्न, आणि तिथे गणित जुगाऱ्यालाही सुखावत नाही. २०१५ मध्ये कार्नेगी मेलनचाच आधीचा कार्यक्रम ८०,००० डावांत व्यावसायिकांकडून हरला, तरी एवढ्या डावांवरून निकाल पक्का म्हणता येत नाही असे संशोधकांनी म्हटले होते. तेव्हा कौशल्य आहे हे खरे, पण ते एका रात्रीत दिसत नाही. आणि टेबल चालवणारा दर पॉटमधून जी कपात घेतो ती मात्र पहिल्या डावापासून दिसते. तुमचा फायदा त्या कपातीहून मोठा नसेल तर वरचे सगळे अंकगणित वाया. कौशल्य किती आणि नशीब किती, इथे न्यायालयांचाही घोळ होत आला. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरवले. पोकरबाबत कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अनुकूल भूमिका घेतली, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारातच बसवले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला त्याने हा वाद निकालात न काढता ओलांडला : पैसे लावून ऑनलाइन खेळायचा खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, तो चालवण्याला बंदी आहे.