बहिणीचा हिस्सा : वारसा व वसियतीचा थोडा इतिहास

वाचकहो, घरातील कर्ता माणूस अल्लाहला प्यारा झाला की चाळिसावा होईपर्यंत कोणी काही बोलत नाही. त्यानंतर मात्र घराचे कागद, सातबारा, बँकेचे पुस्तक बाहेर निघते, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींना सहीसाठी बोलावणे जाते. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. पुष्कळ बहिणी माहेर तुटू नये म्हणून मुकाट्याने सही करतात. त्या सहीने त्या काय सोडून देतात आणि ते त्यांना मुळात कसे मिळाले, ही हकिकत आपल्या मुलामुलींना ठाऊक असावी.

इ. स. 625 मध्ये उहुदची लढाई झाली. तीत हजरत साद बिन रबी (रजि.) शहीद झाले. मागे पत्नी, दोन मुली व एक भाऊ राहिले. जो हत्यार धरील तोच वारस, असा अरबांचा जुना रिवाज. त्याप्रमाणे भावाने सारी मालमत्ता ताब्यात घेतली. तेव्हा ती विधवा दोन्ही मुलींना घेऊन प्रेषित हजरत मुहम्मद (स. अ.) यांच्यापुढे उभी राहिली. हाती काही नसता या मुलींची लग्ने कशी व्हायची, असा तिचा सवाल होता. सूरह निसामधील वारशाची आयत या प्रसंगी उतरली असे हदीसमध्ये आले आहे. मालमत्तेचे 24 भाग धरा. त्यांपैकी 16 भाग दोन मुलींना, 3 आईला आणि उरलेले 5 काकाला मिळाले. काकाला डावलले नाही, पण त्याचा नंबर शेवटी लागला!

दुसरे साद म्हणजे हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.). प्रेषितांच्या अखेरच्या हजच्या वेळी ते मक्केत फार आजारी पडले. जवळ संपत्ती पुष्कळ आणि वारस म्हणून एकच मुलगी. त्यांनी विचारले, दोन तृतीयांश संपत्ती दान करू काय? नाही. मग निम्मी? तेही नाही. एक तृतीयांशाला परवानगी मिळाली, पण तेवढेही पुष्कळच झाले असे बजावून. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे बरे, असे कारणही सांगितले गेले. वसियतीची मर्यादा ठरली ती येथून. गंमत अशी की साद त्या आजारातून बरे झाले, त्यांनी पुढे कादिसियाच्या रणांगणावर इराणी फौजेचा पराभव केला आणि त्यांना आणखी कितीतरी मुले झाली.

आता मुंबईकडे या. येथील सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन घराण्यांतील मुलींनी बापाच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. 1847 साली सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला. या जमातींत मुलींना फक्त पोटगी व लग्नाचा खर्च देण्याची जुनी चाल आहे, आणि ती चालच कायदा होय, असे त्यांनी ठरवले. मुली हरल्या. त्या काळी बायकांनी कोर्टाची पायरी चढणे किती कठीण होते, हे ध्यानी घ्या, म्हणजे त्यांची हिंमत कळेल. मुंबई शहराबाहेरही वेगळे नव्हते. 1827 च्या चौथ्या रेग्युलेशनच्या कलम 26 प्रमाणे देशरिवाज आधी, धर्माचा कायदा नंतर. म्हणजे उहुदनंतर जो रिवाज मोडला गेला, तसाच दुसरा रिवाज आपण स्वतःच पाळत होतो आणि कोर्ट त्यावर शिक्का मारीत होते. दोष एकट्या इंग्रजाचा कसा म्हणावा?

पुढे 90 वर्षे गेली. 7 ऑक्टोबर 1937 रोजी शरियत कायदा अमलात आला. विनावसियत वारशाच्या बाबतीत रिवाज बाजूला सारून शरियत लागू झाली आणि ते जुने कलम 26 तेवढ्यापुरते रद्द झाले. कच्छी मेमनांना 1920 च्या कायद्याने शरियत ऐच्छिक होती, ती 1938 च्या कायद्याने सक्तीची झाली. मात्र 1937 च्या कायद्यातून शेतजमीन वगळली गेली. 1935 च्या घटना कायद्याने तो विषय प्रांतांकडे गेला होता. ज्या समाजाची बहुतेक दौलत शेतातच होती, त्या समाजातील लेकींना ही सवलत महागात पडली, असे माझे मत आहे.

वसियतीबद्दल दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की कागदावर लिहिले की सारे घर एका मुलाला देता येते. तसे नाही. एका वारसाला वसियतीने जादा द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती हवी. दुसरा असा की प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, घेतल्याशिवाय वसियत फुकट. मुसलमानांच्या वसियतीला प्रोबेट कधीच सक्तीचे नव्हते. तोंडी वसियतही चालते. तरीपण माणूस गेल्यावर तोंडचे शब्द ज्याला त्याला वेगळे आठवतात, म्हणून साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवावे.

मग ती एक तृतीयांश कोणासाठी? माझ्या मते पहिला हक्क पोरक्या नातवाचा. बापाच्या हयातीत एक मुलगा वारला आणि दुसरा जिवंत असला, तर वारलेल्या मुलाची मुले वारस ठरत नाहीत. इजिप्तने 1946 साली कायदा करून अशा नातवंडांसाठी वसियत सक्तीची केली. आपल्याकडे ते आजोबांच्या मर्जीवर आहे.

विद्यार्थीमित्रांनो, एक गणित सोडवा. कफनदफन आणि कर्ज भागवून 3,60,000 रुपये उरले. बायकोचा न दिलेला मेहर हेही कर्जच, तो आधीच वजा झाला आहे. पोरक्या नातवाला वसियतीने 1,20,000 दिले. राहिले 2,40,000. विधवेचा आठवा हिस्सा 30,000. उरलेल्या 2,10,000 पैकी मुलाला 1,40,000 आणि मुलीला 70,000. हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण सोडते, ते हेच 70,000.