दुःखी झाडाची गोष्ट

आमच्या दारात पारिजातकाचं झाड होतं. फजरची नमाज आटोपून अम्मी अंगण झाडायला यायची, तेव्हा शेजारच्या काकू परडी घेऊन आलेल्याच असत. त्यांची फुलं वेचून होईपर्यंत अम्मी झाडू हातात धरून थांबायची. मी विचारायचो, ही फुलं रात्रीच का उमलतात? ती म्हणायची, "लाजाळू आहेत बेटा."

वनस्पतिशास्त्राचं उत्तर वेगळं आहे. अंधारात रंगांचा उपयोग कमी. म्हणून रात्री उमलणारी बहुतेक फुलं पांढरी किंवा फिकट आणि वासाला तीव्र असतात. तो वास म्हणजे रात्री हिंडणाऱ्या पतंगांना आवतण. पतंग मधासाठी येतात आणि परागकण घेऊन जातात. पाहुणा जागा असेल तेव्हाच दार उघडायचं, एवढंच.

पण या झाडाला एक इतिहासही आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावरही त्याने उपचार केले. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात एक प्रकरण 'दुःखी झाडा'चं, म्हणजे आपल्या पारिजातकाचं आहे. सत्यभामा-रुक्मिणीची कथा आपण ऐकलेली असते. ओर्ताने नोंदवलेली कथा निराळी आहे. एका सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली. सूर्याने तिला टाकलं. तिने जीव दिला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून त्याची फुलं सूर्याचं तोंड पाहत नाहीत. पुढे 1753 मध्ये लिनियसने झाडाला शास्त्रीय नाव दिलं, त्यातही 'दुःखी झाड' हे शब्द राहिले.

खरी गोष्ट यानंतरची आहे. ओर्ताचे आईवडील ज्यू. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, 1497 मध्ये पोर्तुगालने त्यांना सक्तीने ख्रिस्ती केलं. 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, आलं. 1568 मध्ये ओर्ता वारला. दुसऱ्याच वर्षी, चोरून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जाळण्यात आलं. 1580 मध्ये ओर्ताची हाडं कबरीतून उकरून जाळली गेली. राखेतून उगवलेल्या झाडाची कथा लिहून ठेवणाऱ्याची अशी राख झाली.

हे वाचल्यापासून अम्मीचं उत्तर मला पुरत नाही. फूल रात्री उमलतं ते पतंगासाठी. माणसावर मात्र आपली प्रार्थना अंधारात करायची वेळ येते, ती दिवसाउजेडी तिला जागा दिली जात नाही म्हणून.

अम्मी आता नाही. झाड आहे. पहाटे सडा पडतो, काकूंची सून परडी घेऊन येते. तिचं वेचून होईपर्यंत मी झाडू हातात धरून थांबतो.