प्रवेशपरीक्षेतील गुण आणि मुली (अभियांत्रिकी, भिवंडी)

अभियांत्रिकीला जाऊ पाहणाऱ्या भिवंडीतल्या बारावीच्या विद्यार्थिनीसमोर मुख्यतः दोन परीक्षा असतात : राज्याची एमएचटी-सीईटी आणि देशपातळीवरची जेईई. बारावीच्या निकालात महाराष्ट्रात मुली दरवर्षी पुढे असतात; 2025 मध्ये मुलींचा निकाल 94.58 टक्के, तर मुलांचा 89.51 टक्के लागला. हा आकडा सर्व शाखांचा आहे आणि उत्तीर्ण होणे म्हणजे वरचा क्रमांक मिळवणे नव्हे, हे मान्यच. तरीही 2016 मध्ये आयआयटीत प्रवेश घेणाऱ्यांत मुली जेमतेम 8 टक्के होत्या. एवढी मोठी दरी बुद्धीच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे. प्रवेशपरीक्षेतला गुण विषयाच्या समजेबरोबरच तयारीला मिळालेला पैसा, वेळ आणि धोका पत्करण्याची सवयही मोजतो.

जेईई मेनच्या बहुपर्यायी प्रश्नाला बरोबर उत्तराचे 4 गुण मिळतात, चुकल्यास 1 वजा होतो. चारपैकी कोणताही पर्याय डोळे झाकून निवडला, तरी सरासरीने चार प्रश्नांत एक बरोबर आणि तीन चूक, म्हणजे एक गुण हाती राहतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर तीन प्रश्नांत दोन गुण मिळतात. खात्री नसेल तर प्रश्न कोरा सोडायचा, हा सावधपणा म्हणूनच महागात पडतो. चिलीतल्या प्रवेशपरीक्षेत चुकीच्या उत्तराचा दंड काढल्यावर प्रश्न सोडण्यातले मुलामुलींमधले अंतर बरेच घटले, असे संशोधक कॉफमन आणि क्लिनोव्स्की यांनी 2020 मध्ये दाखवले. यावर आक्षेप असा, की एमएचटी-सीईटीत वजा गुण नाहीतच. खरे आहे, तिथे कसोटी वेगाची असते. 180 मिनिटांत 150 प्रश्न सोडवायचे, आणि 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे. हा वेग सरावाने येतो आणि तो सराव बहुतेकदा क्लासमध्ये विकत घ्यावा लागतो. यंत्रमागावर पोट असलेल्या घराला ती फी जड जाते. त्यातून कल्याण किंवा ठाण्याचा क्लास धरला, तर मुंबई लोकलची मुख्य लाइन भिवंडीतून जात नसल्याने बस-रिक्षाचाच आधार. रात्री उशिरा सुटणारी बॅच मुलीला नाकारली जाते, भावाला नाही.

तिमोथी गोन्साल्विस समितीच्या शिफारशीनंतर आयआयटींनी 2018 पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा ठेवल्या. त्या वर्षी 14 आणि 2020 पर्यंत 20 टक्के हे लक्ष्य होते. यामुळे गुणवत्ता घसरते, ही टीका टिकत नाही. या जागा मूळ जागांवर वाढवलेल्या आहेत, त्यामुळे मुलांची एकही जागा गेलेली नाही, आणि आयआयटी प्रवेशाची जेईई अॅडव्हान्स्ड मुलींनाही उत्तीर्ण व्हावीच लागते. दुसरीकडे, मुली जिथे पुढे असतात त्या बारावीच्या गुणांना जेईई मेनच्या क्रमवारीत 2013 ते 2016 या काळात 40 टक्के वजन होते. 2017 पासून ते काढले गेले. नेमाने केलेला अभ्यास अशा रीतीने क्रमवारीतून बाद झाला. बारावीचे गुण घोकंपट्टीचे असतात म्हणावे, तर प्रश्नांचे साचे पाठ करून घेणे हाच अनेक क्लासांचा धंदा आहे. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय मोलाचा आहे, पण ही माफी प्रवेश मिळाल्यावर लागू होते. भिवंडीतल्या मुलीला मदत लागते ती अकरावीतच : गावातल्या गावात, उजेडी सुटणारा सरावाचा वर्ग आणि प्रश्न केव्हा सोडावा, केव्हा धरावा याचे शिक्षण.